दानाचा हिशेब शेवटच्या हातापर्यंत

मेहरूणची बोरे विकत घेणारा जाणता ग्राहक टोपलीच्या वरच्या थरावर भाळत नाही. वरची बोरे टपोरी आणि निवडक असणार, हे तो गृहीतच धरतो. हात खाली घालून तळचे एक बोर काढतो आणि मग भाव ठरवतो. खानदेशातील व्यापारी घराण्यांना ही पारख वेगळी शिकवावी लागत नाही. मात्र बाजारात तळ पाहणारा हाच मनुष्य दान देताना बहुधा वरच्या थरावर समाधान मानतो. धनादेश दिला, पावती मिळाली, कोनशिलेवर नाव आले, की हिशेब पूर्ण झाला असे त्याला वाटते. वस्तुतः तेथे हिशेबाची केवळ पहिली ओळ लिहिलेली असते.

जागतिक बँक, संयुक्त राष्ट्रे किंवा परदेशी सरकारे यांच्याकडून येणाऱ्या मोठ्या मदतीचीही अडचण हीच आहे. देणारा दूर, घेणारा गरजू आणि मध्ये अनेक हात. बाजारात वाईट माल मिळाला तर ग्राहक दुसऱ्या दुकानाची पायरी चढतो. मदत घेणाऱ्याला दुसरे दुकान नसते आणि माल वाईट निघाला हे देणाऱ्याला कळतही नाही. गळतीचे मूळ या तुटलेल्या दुव्यात आहे.

मेहरूण ज्या जळगाव शहराचा भाग आहे, त्या शहराने याची किंमत मोजली आहे. गेल्या शतकाच्या अखेरीस तत्कालीन नगरपालिकेने गरिबांसाठी घरकुल योजना आखली. हा परदेशी पैसा नव्हता. हुडको या केंद्र सरकारच्या संस्थेकडून घेतलेले ते कर्ज होते. ११ हजारांहून अधिक घरे बांधायची होती; प्रत्यक्षात पूर्ण झाली ती सुमारे दीड हजार. कंत्राटदाराला दिलेली बिनव्याजी उचल हा आक्षेपांतील एक प्रमुख मुद्दा होता. तत्कालीन महापालिका आयुक्त प्रवीण गेडाम यांनी २००६ मध्ये पोलिसांत फिर्याद दिली आणि ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळे येथील विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरवले. शिक्षेविरुद्ध अपिले झाली. त्यामुळे व्यक्तींचा निवाडा करण्याचे हे स्थान नव्हे. परंतु दोन गोष्टी निर्विवाद आहेत. कर्जाचा बोजा पुढे अनेक वर्षे शहराच्या माथी राहिला आणि ज्यांच्या नावाने कर्ज काढले त्या हजारो कुटुंबांना घर मिळाले नाही. फिर्यादीपासून निकालापर्यंत १३ वर्षे गेली. न्यायालय दोषीला शिक्षा देऊ शकते. गेलेली वर्षे झोपडीतल्या कुटुंबाला परत देऊ शकत नाही. म्हणून गळती झाल्यानंतरच्या खटल्यापेक्षा गळती होऊच न देणारी रचना अधिक मोलाची ठरते.

अशी रचना महाराष्ट्रातच, त्याच दशकात उभी राहिली होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद हे जिल्हे हादरले. सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. भारतीय जैन संघटनेने त्या वेळी भूकंपग्रस्त भागातील सुमारे १,२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्यास आणले, हे अनेक वाचकांना स्मरत असेल. पुनर्वसनासाठी जागतिक बँकेचे मोठे कर्ज मिळाले. पूर्ण उद्ध्वस्त झालेली गावे नव्या जागी वसवण्यात आली. तेथील घरे मुख्यतः कंत्राटदारांनी आणि देणगीदार संस्थांनी बांधली. मात्र दुरुस्तीयोग्य अशा लाखो घरांसाठी निराळा मार्ग निवडला गेला. पैसा कंत्राटदाराकडे न जाता घरमालकाच्या बँक खात्यात हप्त्याहप्त्याने जमा होई आणि झालेले काम अभियंत्याने पाहिल्यावर पुढचा हप्ता सुटे. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या साहाय्याने गावोगावी महिलांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमण्यात आले. कोणाला किती रक्कम मंजूर आहे, सिमेंट किती लागते, भिंत कशी बांधावी, हे त्या घरोघरी सांगत. आपल्या वाट्याला काय यायचे आहे हे ज्याला नेमके ठाऊक आहे, त्याला फसवणे कठीण असते. २००१ च्या भूकंपानंतर गुजरातनेही घरमालकाच्या खात्यात हप्त्यांनी पैसे देण्याचीच पद्धत स्वीकारली.

आफ्रिकेतील युगांडा देशाचा अनुभव हेच सांगतो. १९९१ ते १९९५ या काळात सरकारने शाळांना दिलेल्या अनुदानापैकी सरासरी केवळ १३ टक्के रक्कम शाळांपर्यंत पोहोचत असल्याचे पाहणीत आढळले. त्यानंतर जिल्ह्यांना पाठवलेल्या रकमा वृत्तपत्रांत छापल्या जाऊ लागल्या आणि शाळांनाही मिळालेला निधी फलकावर लिहिणे बंधनकारक झाले. काही वर्षांतच पोहोचणारे प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास गेले. सुधारणेची कारणे अनेक असतील, पण पालकांना आकडा कळला हे त्यांतील एक मोठे कारण मानले जाते.

व्यापारी वर्गाने आरशात पाहावे असे एक उदाहरणही आहे. निर्बंधांखालील इराकच्या जनतेला अन्न आणि औषधे मिळावीत म्हणून संयुक्त राष्ट्रांनी ‘तेलाच्या बदल्यात अन्न’ ही योजना राबवली. पॉल व्होल्कर यांच्या समितीने २००५ मध्ये दिलेल्या अहवालानुसार जगभरातील दोन हजारांहून अधिक कंपन्यांच्या व्यवहारांत बेकायदा रकमा दिल्या गेल्या होत्या. त्यांतील काही रकमांना ‘विक्रीपश्चात सेवा’ असे सभ्य नाव होते. लाच मागणारा सत्ताधीश होता. ती किमतीत मिसळून देणारा मात्र पुरवठादार, म्हणजे व्यापारी होता. श्रावकाच्या अचौर्य व्रताच्या अतिचारांत खोटी वजनेमापे आणि भेसळीचा व्यवहार यांची स्पष्ट गणना आहे. मदत छावणीसाठी हलके धान्य भरणारे पोते त्याच गणनेत येते.

कायद्याने वरचा थर बराच आवळला आहे. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतील खात्यातच स्वीकारावी लागते आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आहे. तथापि खाते स्वच्छ असणे आणि ब्लँकेट उबदार असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट लेखापरीक्षकाच्या टेबलावर तपासता येत नाही.

ती तपासणे देणाऱ्याच्या हाती आहे. मोठी देणगी एकरकमी न देता टप्प्यांनी द्यावी आणि पुढचा टप्पा झालेल्या कामाशी बांधावा. खरेदीची दरपत्रके पाहावीत. लाभार्थ्यांना मिळणारी वस्तू, तिचे प्रमाण आणि दर गावातील फलकावर मराठीत लिहिण्याची अट घालावी. विश्वस्तांनी समारंभाच्या दिवशी नव्हे, तर तीन महिन्यांनी न कळवता गावात जावे आणि सरपंचाच्या ओसरीवर न थांबता शेवटच्या घरी बसून विचारावे, ‘बाई, तुम्हाला काय मिळाले?’ यात संस्थेवर अविश्वास नाही. प्रामाणिक संस्थेला या प्रश्नाचे भय नसते; उलट तिच्या कामाला त्यातूनच साक्षीदार मिळतो.

रोजमेळ जुळल्याशिवाय दुकानाची फळी लावू नये, ही पेढीवरची जुनी शिस्त आहे. दानाच्या वहीत मात्र जमेची शेवटची नोंद देणाऱ्याच्या हातची नसते. ती घेणाऱ्याने सांगायची असते आणि ती ऐकेपर्यंत वही मिटू नये.