ट्रकचालकाचे पहिले वर्ष

परवाना : वय किमान 20. हलक्या वाहनाचा परवाना मिळून 1 वर्ष झाल्यावरच शिकाऊ परवाना. आठवी पासची अट 2019 मध्ये गेली.

कामाचे तास : 2025 मध्ये रद्द झालेल्या 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानुसार दिवसाला 8, लांब पल्ल्याला मंजुरीने 10 होते. पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती होती.

निघताना : टायर रॉडने ठोकावा. हवा पुरेशी असेल तर आवाज टणक, कमी असेल तर बद्द.

घाट : सर्वांत महत्त्वाचे हेच. ज्या गिअरमध्ये चढलो, त्याहून वरच्या गिअरमध्ये उतरू नये. न्यूट्रल तर कधीच नको. इंजिनाचा आवर सुटतो, सारा भार ब्रेकवर येतो, लायनर तापून करपल्याचा वास सुटतो. वास आला की गाडी सुरक्षित जागी थांबवून ब्रेक थंड होऊ द्यावेत.

ई-वे बिल : साधारण मालासाठी दर 200 किमीला 1 दिवसाची मुदत.