बंधन आणि श्वास

ज्वराने फणफणलेला मनुष्य बरळू लागला, तर घरची माणसे डॉक्टरला बोलावतात. तोच मनुष्य मनोविकाराच्या झटक्यात रस्त्यावर येऊन आरडाओरड करू लागला, तर बोलावणे जाते ते पोलिसांना. दिल्लीसारख्या महानगरात अशा वेळी ११२ क्रमांकावर दूरध्वनी केला जातो आणि रुग्णाजवळ प्रथम पोहोचतो तो पुष्कळदा पोलीस शिपाईच. रुग्णाचे पुढे काय होणार, हे बऱ्याच अंशी त्या पहिल्या काही मिनिटांवर अवलंबून असते. म्हणून त्या मिनिटांत वापरल्या जाणाऱ्या साधनांचे शास्त्र समजून घेणे अगत्याचे आहे.

‘अघातक’ साधने

मनुष्याला ठार न मारता आवरणाऱ्या साधनांना ‘अघातक’ म्हणतात. बंदुकीपेक्षा कमी घातक, एवढाच या शब्दाचा अर्थ घेतला पाहिजे. हातकडी फार आवळली, तर मनगटाच्या अंगठ्याकडील बाजूने जाणारी मज्जातंतूची शाखा दबते व अंगठ्याची पाठ बधिर होते. तिखटाच्या फवाऱ्यात मिरचीतील कॅप्सायसिन हे द्रव्य असते. त्याने डोळे मिटतात. परंतु दमेकऱ्याच्या श्वासनलिकाही आकुंचन पावू शकतात. टेझर नावाचे यंत्र बारीक तारांना जोडलेले दोन काटे शरीरात रुतवून विजेचे स्पंद पाठवते. त्यामुळे स्नायू आखडतात, मनुष्य ओंडक्यासारखा कोसळतो, आणि पडताना डोक्याला मार बसण्याचा धोका असतो. अमेरिकेत काही ठिकाणी सुमारे अडीच मीटर लांबीची चिवट दोरी दुरून सोडून पाय वेढण्याचे साधनही वापरले जाते. तेथेही पडण्याचे भय उरतेच.

श्वास कसा कोंडतो

सर्वांत मोठा धोका मात्र साधनापेक्षा धरण्याच्या पद्धतीत असतो. श्वास घेताना बरगड्या वर व बाहेर उचलल्या जातात आणि छाती व पोट यांमधील श्वासपटल खाली सरकते. त्यासाठी पोटाला पुढे येण्याची मोकळीक हवी. मनुष्याला पालथे पाडून हात मागे जखडले आणि पाठीवर गुडघा रोवला, तर या दोन्ही हालचाली खुंटतात.

धडपडणाऱ्याची अवस्था आणखी बिकट असते. तीव्र श्रमाने रक्ताची आम्लता वाढते. ती उतरवण्यासाठी शरीर जलद व खोल श्वासांवाटे कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर टाकू पाहते. नेमका त्याच वेळी श्वास अडवला गेला, तर हृदयाची लय बिघडू शकते. मे-जूनच्या दिल्लीत पारा ४५ अंश सेल्सियसच्या आसपास असताना तापलेल्या रस्त्यावर हा धोका अधिकच वाढतो. गुदमरणारा मनुष्य सुटण्यासाठी जास्त धडपडतो. पकडणारे त्याला प्रतिकार समजून भार वाढवतात. अखेर तो निश्चल होतो. पाहणाऱ्यांना वाटते, शांत झाला. प्रत्यक्षात श्वास थांबलेला असू शकतो. ‘बोलतो आहे, म्हणजे श्वास चालू आहे’ ही समजूतही फसवी आहे. दोन शब्द उच्चारण्यास थोडी हवा पुरते. जगण्यास अधिक लागते.

कायद्याची दिशा

१९१२ च्या कायद्यात मनोरुग्णाला ‘वेडा’ या अर्थाच्या शब्दाने संबोधले जाई. त्या कायद्यानुसार आणि पुढे १९८७ च्या कायद्यानुसारही, निराधार भटकणाऱ्या रुग्णाला पोलीस दंडाधिकाऱ्यापुढे उभे करीत. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने ही वाट बदलली. आता कलम १०० अन्वये अशा व्यक्तीला संरक्षणाखाली घेऊन शक्य तितक्या लवकर, आणि २४ तासांच्या आत, जवळच्या सार्वजनिक आरोग्यसंस्थेत न्यावे लागते. तिला कोठडीत वा तुरुंगात ठेवता येत नाही. साखळदंडाने बांधण्यास कायद्याने पूर्ण मनाई आहे. रुग्णालयातही शारीरिक बंधन घालता येते ते तात्काळ इजा टाळण्याचा दुसरा उपाय नसेल तेव्हाच आणि मनोविकारतज्ज्ञाच्या अनुमतीनेच. शिक्षा म्हणून किंवा सेवकवर्ग अपुरा आहे म्हणून ते घालता येत नाही.

या विचाराचे एक मूळ दिल्लीतच सापडते. ‘प्रेमशंकर शुक्ल विरुद्ध दिल्ली प्रशासन’ या १९८० च्या खटल्यात, पलायन रोखण्याचा दुसरा वाजवी मार्ग नसेल तरच कैद्याला हातकडी घालावी, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. तो खटला मनोरुग्णाचा नव्हता. तथापि गुन्ह्याचा आरोप असलेल्याला जे संरक्षण मिळाले, ते आजाऱ्याला नाकारणे कोणत्या न्यायात बसेल?

राजधानी परिसरात दिल्ली, हरियाणा, उत्तर प्रदेश व राजस्थान या चारांची पोलीसदले काम करतात. पण २०१७ चा कायदा चौघांनाही एकच आहे. दिल्ली-उत्तर प्रदेश सीमेनजीक, दिलशाद गार्डन येथे मानवी वर्तन व संलग्न विज्ञान संस्था आहे. शाहदऱ्याच्या जुन्या मनोरुग्णालयातून ती १९९३ मध्ये उभी राहिली.

बळाआधी बोलणे

अमेरिकेतील मेंफिस शहरात १९८७ मध्ये एक मनोरुग्ण पोलिसांच्या गोळीने मृत्यू पावला. त्यानंतर १९८८ मध्ये तेथे पोलिसांचे खास पथक स्थापन झाले व त्यांच्यासाठी ४० तासांचे शिक्षण सुरू झाले. त्यातील तत्त्वे साधी आहेत: भोंगा बंद करावा, गर्दी हटवावी, पुरेसे अंतर राखावे, एकानेच सावकाश बोलावे, घाई करू नये. रक्तातील साखर उतरणे, डोक्याची इजा, उष्माघात यांनीही मनुष्य असाच वागू शकतो, हेही ध्यानात ठेवावे.

धरणे अटळच झाले, तर ते क्षणापुरते असावे. मान व पाठ यांवर भार देऊ नये, आवरताच रुग्णाला कुशीवर वळवावे आणि एकाने केवळ त्याच्या श्वासावर लक्ष ठेवावे. नागरिकांचेही एक कर्तव्य आहे. पोलिसांना बोलावताना ‘हा आजारी आहे’ हे प्रथम सांगावे, चालू औषधांची नावे द्यावीत व रुग्णवाहिका मागावी. प्रसंग इतका चिघळण्याआधी सल्ला हवा असल्यास २०२२ पासून चालू असलेली टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर मिळते.