डोंगरावरचा मारुती, बेटावरचा मारुती

समर्थ रामदासांनी स्थापन केलेले अकरा मारुती सातारा, सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांत आहेत. पहिला मसूरजवळच्या शहापूरचा, 1644 सालचा. शेवटचा शिराळ्याचा, 1654 सालचा मानतात. त्यातल्या दोन मारुतींना आम्ही गटातल्या बायका थंडीत जातो. थंडीतच का, ते आज सांगतो.

पहिला शिंगणवाडीचा. उंब्रजहून चाफळला यायचं, तिथून जवळच ही टेकडी. मूर्ती लहान, चढही फार नाही. पण उन्हाळ्यात उघड्या माळावर जीव कासावीस होतो आणि पावसात पाय घसरतो. मार्गशीर्ष-पौषात सकाळी निघालं, की गुडघेदुखीवाल्या सासूबाईसुद्धा बसत-उठत वर पोचतात.

दुसरा वाळवा तालुक्यातल्या बहे गावचा. इथं कृष्णेच्या पात्रात रामलिंगाचं बेट आहे. राम पूजेला बसले असताना नदीला पूर आला, तेव्हा मारुतीनं बाहू पसरून पाणी अडवलं आणि धार दोन्ही अंगांनी गेली, अशी कथा आहे. त्या बाहूंवरूनच गावाचं नाव पडलं असं सांगतात. रामलिंगाच्या देवळामागं मारुती उभा आहे.

कथा मनात असावी, पण नदीचा हिशेबही ठाऊक असावा. कोयना कऱ्हाडला कृष्णेला मिळते आणि बहे त्याच्या खाली आहे. कोयना धरणात 105 टीएमसी पाणी मावतं. पावसाळ्यात ते भरत आलं, की दरवाजे उघडतात आणि खालच्या गावांत पाणी चढतं. 2005, 2019 आणि 2021 चे पूर आपण पाहिलेत. त्या दिवसांत नवस असला तरी बेटाकडं फिरकू नये. थंडीत पात्र उतरलेलं असतं. तरीही गावातल्या माणसाला पाणी विचारल्याशिवाय खाली उतरू नका. पोरांचा हात सोडू नका, डोहात पाय धुवायला जाऊ नका.

आणखी एक. हे दिवस ऊसतोडीचे. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात, अंधार पडला की मागून दिसत नाहीत. म्हणून सकाळी डोंगर, दुपारी बेट आणि दिवेलागणीच्या आत घर. भाकरी-चटणी बांधून घ्या. एका दिवसाचा रोज बुडतो खरा. पण "पुढच्या वर्षी बघू" म्हणत म्हणत कितीजणींचं जायचं राहूनच गेलं. गटाच्या पुढच्या बैठकीत तारीख ठरवा, आणि ज्या एकट्या जाऊ शकत नाहीत त्यांची नावं आधी लिहा.