फटीमागचे हात

हैदराबादेत कोटीच्या चौकातून आत शिरलं की गुजराती गल्ली लागते. स्पीकर, अ‍ॅम्प्लिफायर, मायक्रोफोन, रिमोट आणि वायरींची भेंडोळी यांची ही जुनी पेठ. पलीकडे सुलतान बझार, बडी चावडी, काचीगुडा. हा सगळा भाग शहरातल्या मराठी माणसांच्या जुन्या वावराचा. इथल्या घरांतल्या कपाटांत अजूनही सीडी-डीव्हीडींची एखादी चळत सापडते. पुण्याहून येताना आणलेली नाटकं, भावगीतं, मुलांच्या प्रकल्पांच्या फायली आणि मखमली खोक्यातली लेकीच्या लग्नाची डीव्हीडी, भाग एक आणि भाग दोन. तबकड्या आहेत, पण त्या वाजवणारं यंत्र घरात उरलेलं नाही. असलंच तर जुन्या लॅपटॉपला किंवा गाडीच्या स्टिरिओला ती अरुंद फट असते. तबकडी आत जाते आणि कधीकधी बाहेर येत नाही. मग ते यंत्र दुरुस्तीच्या टेबलावर येतं आणि तक्रार दखनीत दोन शब्दांत सांगून होते : 'अटक गई.'

त्या फटीच्या आत नेमकं काय चालतं, हे फार थोड्यांनी पाहिलेलं आहे. ते पाहण्यासारखं मात्र नक्की आहे.

सीडी घरात आली तेव्हा मुलांना पहिला धडा मिळाला तो ती धरण्याचा. काठाला धर, नाहीतर मधल्या भोकात बोट घाल, पण पोटाला हात लावू नको. हा निव्वळ घरगुती धाक नव्हता. १२ सेंटिमीटर व्यासाच्या आणि १.२ मिलिमीटर जाडीच्या त्या चकतीवर माहितीच्या वेटोळ्यातल्या दोन शेजारच्या ओळींमधलं अंतर असतं १.६ मायक्रोमीटर. डीव्हीडीत ते ०.७४ वर येतं. लेसरचा किरण पारदर्शक प्लॅस्टिकमधून जाऊन ही ओळ वाचतो, त्यामुळे बोटाचा तेलकट ठसाही त्याच्या वाटेत आडवा येतो. माणसाला हे सांगून समजतं. पण माणसाच्या हातातून तबकडी घेऊन ती आत नेणाऱ्या, जागेवर बसवणाऱ्या आणि पुन्हा बाहेर आणून देणाऱ्या यंत्राला हाच धडा द्यायचा तर? फटीच्या ड्राइव्हची सारी रचना या एका प्रश्नाभोवती झालेली आहे. यंत्रानेही तबकडीला फक्त काठाला आणि भोकालाच हात लावायचा.

सुरुवातीला हा प्रश्न टाळता आला. १ ऑक्टोबर १९८२ रोजी जपानमध्ये सोनीचा सीडीपी-१०१ हा प्लेयर विक्रीला आला. त्याची किंमत होती १,६८,००० येन. त्यात मोटरने पुढे सरकणारा खण होता. फिलिप्सच्या सीडी १०० ला वर उघडणारं झाकण होतं. दोन्हींत तबकडी ठेवण्याचं नाजूक काम माणसाचाच हात करत होता. खण फक्त तिला आत वाहून न्यायचा.

गाडीत हे चालेना. १९८४ मध्ये पायोनियर आणि सोनी यांनी गाडीसाठी सीडी प्लेयर आणले. डॅशबोर्डवर खण पुढे काढायला जागा नसते. असती तरी चालवणाऱ्याची नजर रस्त्यावर आणि एक हात स्टिअरिंगवर असतो, त्याने खणातल्या खाचेत तबकडी नेमकी कशी बसवायची? ब्रेक लागला तर बाहेर आलेला खण मोडणारच. फटीत तबकडी सरकवली आणि ती आपोआप ओढली गेली, हेच गाडीला सोयीचं. कॅसेटची सवय असलेल्यांना ते ओळखीचंही वाटलं. पण कॅसेटला प्लॅस्टिकचं कवच होतं. तबकडी उघडीच.

गाडीतल्या यंत्राने यावर काढलेला तोडगा मला या साऱ्या विषयातला सर्वांत देखणा वाटतो. फटीच्या मागे रुंदीभर पसरलेला एक रबरी रोलर असतो. वरवर पाहता तो सरळ दांडा वाटतो, पण नीट पाहिलं तर तो मध्यभागी बारीक आणि दोन्ही टोकांकडे जाड होत जातो. तबकडी त्यावरून सरकते तेव्हा रबर तिच्या दोन कडांनाच टेकतं. मधल्या भागाखाली पोकळी राहते आणि माहितीचं पोट अधांतरी जातं. वरच्या बाजूला गुळगुळीत पट्टी असते आणि तिचाही आकार कडांनाच स्पर्श होईल असा. म्हणजे आईने मुलाला जे सांगितलं, तेच रबराच्या आकारात कोरलेलं आहे.

तबकडी फटीत थोडी शिरली की प्रकाशाचा सेन्सर किंवा एखादी छोटी कळ ते ओळखते आणि मोटर सुरू होते. रोलर फिरतो, तबकडी आत जाते आणि आतल्या खुंटीला किंवा तरफेला ढकलते. ती तरफ सरकली म्हणजे तबकडी जागेवर आली. आता तीच मोटर दुसरं काम हाती घेते. तिरक्या खाचा कापलेली एक पट्टी सरकते आणि त्या खाचांतून चालणाऱ्या खुंट्या वर किंवा खाली होतात. रोलर खाली उतरतो, वरची चकती तबकडीला मधोमध दाबून धरते आणि तबकडी फिरायला मोकळी होते. एक मोटर, दोन कामं. कोणतं आधी आणि कोणतं नंतर, हा क्रम त्या खाचांच्या आकारातच ठरलेला असतो.

हैदराबादहून सोलापूरकडे गाडीने जाणाऱ्यांना आणखी एका गोष्टीचा उपयोग झाला आहे, जरी ती त्यांनी कधी पाहिली नसली तरी. झहीराबाद, हुमनाबाद, उमरगा, नळदुर्ग अशा त्या वाटेवर पूर्वी खड्ड्यांची कमतरता नव्हती. घरातल्या प्लेयरसारखं यंत्र गाडीत घट्ट बसवलं असतं तर प्रत्येक खड्ड्याला गाणं तुटलं असतं. म्हणून गाडीच्या स्टिरिओत लेसर आणि फिरकी असलेला सांगाडा स्प्रिंगांवर टांगलेला असतो आणि तेल भरलेल्या रबरी गाद्या त्याचे हेलकावे शोषून घेतात. पण तो असा झुलत राहिला तर फटीतून आलेली तबकडी नेमक्या जागी बसणार कशी? म्हणून आत घेताना आणि बाहेर देताना हा सांगाडा कुलूप घातल्यासारखा स्थिर होतो. तबकडी बसली की कुलूप सुटतं आणि तो तरंगू लागतो. तीच सरकती पट्टी हेही काम करते.

बऱ्याच गाड्यांच्या स्टिरिओत बाहेर आलेली तबकडी काही क्षणांत कोणी उचलली नाही, तर यंत्र तिला परत आत ओढून घेतं. काहींना तो बिघाड वाटतो. बाहेर अर्धी लटकलेली तबकडी धक्क्याने वाकू नये, धुळीत राहू नये, म्हणून केलेली ती व्यवस्था असते.

लॅपटॉपची अडचण वेगळी होती. तिथे ड्राइव्हची सगळी जाडी १२.७ किंवा ९.५ मिलिमीटर. रोलर, त्याची दाबपट्टी आणि वरची चकती यांना जागाच नाही. १९९९ च्या शरदात अ‍ॅपलने आयमॅकला फट दिली आणि जानेवारी २००१ मध्ये जेमतेम एक इंच जाडीच्या टायटॅनियम पॉवरबुकलाही दिली. सिकंदराबादच्या पार्क लेनवरच्या चेनॉय ट्रेड सेंटरमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या सीटीसीत, संगणकाचे सुटे भाग मिळतात. तिथे कोणाला असा ड्राइव्ह उघडलेला दिसला, तर त्यात रोलरऐवजी बारीक धातूचे हात दिसतील.

हे हात तबकडीच्या फक्त कडेशी बोलतात. माणसाने तबकडी निम्म्याहून पुढे ढकलली की तिची कड एका हाताला रेटते, कळ दाबली जाते आणि मोटर जागी होते. एक हात तबकडीला मागून वळसा घालून आत ओढतो, तर आतल्या बाजूचा दुसरा हात तिला अडवून मध्य साधतो. दोन्ही बाजूंनी असं सांभाळलं गेल्यावर भोक बरोबर फिरकीच्या माथ्यावर येतं. मग फिरकीचा सगळा सांगाडा खालून वर उचलला जातो. माथ्यावर स्प्रिंगच्या जोरावर बाहेर डोकावणारे तीन दात असतात. तबकडी वरच्या पत्र्याला टेकते, दात भोकात शिरतात आणि 'टक्' असा आवाज येतो. खणाच्या लॅपटॉपमध्ये हा आवाज माणसाच्या अंगठ्याच्या दाबाने होतो. इथे अंगठ्याची जागा झाकणाच्या पत्र्याने घेतली आहे. त्यानंतर सांगाडा जरा खाली येतो आणि हात कडेपासून केसभर मागे सरतात. कारण आता ती तबकडी मिनिटाला चार-पाच हजार फेरे घेणार असते आणि त्या वेगात कडेला काहीही घासलेलं चालत नाही.

हातांच्या या रचनेत एक कठोर अट दडलेली आहे : तबकडी गोल असावी आणि ठरल्या मापाची असावी. ८ सेंटिमीटरची छोटी सीडी किंवा व्हिजिटिंग कार्डाच्या आकाराची जाहिरातीची चकती खणात आरामात बसते, कारण तिथे तिच्यासाठी वेगळी गोल खाच असते. फटीत मात्र ती हातांपर्यंत पोचतच नाही, किंवा पोचली तर वाकडी होऊन अडकते. म्हणून अ‍ॅपल आपल्या फटीत फक्त १२ सेंटिमीटरची गोल तबकडीच घालायला सांगत असे. २००६ च्या निन्टेंडो वी या खेळयंत्राने मात्र एकाच फटीतून दोन्ही मापं घेऊन दाखवली, कारण त्याला आधीच्या गेमक्यूबच्या छोट्या तबकड्याही चालवायच्या होत्या.

फटीचा दुसरा शत्रू कागद. लग्नाच्या डीव्हीडीवर वधूवरांचा फोटो छापलेला गोल स्टिकर चिकटवायची पद्धत बरीच वर्षं होती. खणाच्या यंत्रात तो फारसा त्रास देत नसे. फटीत मात्र जागा मोजून-मापून ठेवलेली. उन्हाळ्यात बंद गाडीत तापलेल्या स्टिकरचा गोंद सैल होतो, कड सुटते आणि ती नेमकी आतल्या पट्टीत अडकते. तो ओढून काढणंही धोक्याचं, कारण साध्या सीडीत माहितीचा चकचकीत थर लेबलच्या बाजूलाच, लाखेच्या पातळ लेपाखाली असतो. कागदाबरोबर तोही सुटून येऊ शकतो. खालचा ओरखडा पुसता-घासता येतो, वरचा बहुधा कायमचा. डीव्हीडीत हा थर ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मध्ये असतो, म्हणून ती याबाबतीत जास्त सोशिक.

हैदराबादेतच या तबकड्यांचं एक गंभीर घर होतं, आणि ते शहराबाहेर फारसं कोणाला आठवत नाही. बालानगर इथली राष्ट्रीय दूरसंवेदन संस्था भारताच्या दूरसंवेदन उपग्रहांनी टिपलेली चित्रं देशभरच्या खात्यांना आणि विद्यापीठांना पुरवत असे. आधी चुंबकी फितींवर, मग सीडी आणि डीव्हीडीवर. डिसेंबर १९९५ मध्ये आयआरएस-१सी अवकाशात गेला. त्याने टिपलेली मराठवाड्याची शेती, गोदावरीचं पात्र आणि तलावांचं आटणं अभ्यासणाऱ्याच्या टेबलावर पोचायचं ते याच चकतीतून. २००८ मध्ये ही संस्था इस्रोचं केंद्र झाली आणि २००९ मध्ये भुवन हे तिचं संकेतस्थळ सुरू झालं. पुढे चित्रं थेट जाळ्यावरून उतरवून घेता येऊ लागली. ज्यांच्याकडे अशा जुन्या तबकड्या असतील, त्यांनी त्यांवर कागद चिकटवू नये आणि नाव लिहायचंच तर मऊ टोकाच्या खास मार्करने मधल्या पारदर्शक कड्यावर लिहावं. बॉलपेनचं टोक वरच्या लेपातून आत जातं.

अडकलेली तबकडी काढायची कशी? खणाच्या ड्राइव्हला पुढे एक बारीक भोक असतं. त्यात पेपर क्लिपची तार घातली की खण सुटतो. फटीच्या अनेक ड्राइव्हना ते नसतं. अ‍ॅपलच्या संगणकात सुरू होताना माउसचं बटण दाबून धरलं की यंत्र तबकडी बाहेर टाकायचा प्रयत्न करतं. प्लेस्टेशन ४ च्या पहिल्या नमुन्यात खालच्या अंगाला एक स्क्रू ठेवला होता. तो फिरवला की मोटरशिवाय दातेरी चाकं हलतात आणि तबकडी पुढे येते. चिमट्याने ओढू नये, कारण फिरकीचे तीन दात अजून भोकात असतील तर भोकाची कडच फुटते. गाडीच्या स्टिरिओत मात्र बहुतेक वेळा दोष रोलरचा असतो. धूळ आणि उष्णतेने रबर कडक व चकचकीत होतं, पकड सुटते आणि मोटर फिरत असूनही तबकडी जागची हलत नाही. कापसाच्या बोळ्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून रोलर पुसला की बऱ्याचदा काम भागतं. ही दुरुस्ती स्वस्त आहे. पण स्टिरिओ काढणं, उघडणं आणि स्प्रिंगा न हरवता पुन्हा बसवणं हे सरावाचं काम. असा सराव असलेला हात आज शोधावा लागतो.

लॅपटॉपमधून ही फट हळूहळू गेली. २००८ च्या मॅकबुक एअरला ड्राइव्हच नव्हता. ड्राइव्ह असलेला २०१२ चा १३ इंची मॅकबुक प्रो ऑक्टोबर २०१६ पर्यंत विकला गेला आणि मग तोही थांबला. तरी फट संपलेली नाही. २ फेब्रुवारी २०२१ रोजी भारतात आलेल्या प्लेस्टेशन ५ च्या तबकडीवाल्या नमुन्यात ती आहे, आणि गच्चीबावलीतल्या घरांतली मुलं आजीच्या पिढीला ठाऊक असलेल्याच रीतीने, काठाला धरून, तबकडी तिच्यात सरकवतात.

हातांच्या ड्राइव्हमधून तबकडी बाहेर येताना सगळा क्रम उलटा फिरतो. फिरकी थांबते, सांगाडा खाली उतरतो, तबकडीला वरच अडवून धरल्यामुळे तीन दात भोकातून निसटतात आणि मागचा हात तिला पुढे ढकलतो. ती पूर्ण बाहेर आली तर जमिनीवर पडेल, कमी आली तर धरता येणार नाही. म्हणून मागची कड आतच पकडून यंत्र थांबतं ते मधलं भोक फटीच्या बाहेर आल्यावर. मग भोकात तर्जनी आणि कडेला अंगठा ठेवला की तबकडी उचलता येते.