यंत्र तेच, मग विलंब का?

उज्जैनच्या माधव नगरात सी प्लस प्लस भाषेत आज्ञावली लिहिणाऱ्या एखाद्या तरुणाचे लिखाण तेच असते, यंत्रही तेच. परंतु कंपायलर, म्हणजे ती आज्ञावली यंत्रभाषेत उतरविणारा दुभाषी, नवा येताच कामास अधिक वेळ लागू लागतो. बिचारा यंत्राला बोल लावतो! ‘जीसीसी’ या कंपायलरच्या २०२१ मधील अकराव्या आवृत्तीने, वेगळे न सांगितल्यास, भाषेचे १४ ऐवजी १७ हे मानक गृहीत धरले. नव्या मानकात ‘हेडर’ नावाच्या सामायिक फायली फुगल्या आहेत; आणि प्रत्येक पूजेपूर्वी पुरोहिताने संपूर्ण संकल्प पुन्हा म्हणावा, तशा त्या कंपायलर प्रत्येक फायलीसाठी मुळापासून वाचतो. तेव्हा नवे यंत्र घेण्यापूर्वी जुने मानक स्पष्टपणे सांगून वेळ मोजावा. तो कमी भरला, तर कारण मानकात आहे. एरवी शोध अन्यत्र घ्यावा.