स्टोनची वही

मुलांनो, एखाद्याचं आडनावच ‘दगड’ असेल, त्याचे वडील खाणीत दगड काढत असतील आणि तो स्वतःही जन्मभर दगडच घडवत राहिला असेल, तर गंमतच नाही का? इंग्लंडमध्ये असा माणूस खरोखर होऊन गेला. त्याचं नाव निकोलस स्टोन. स्टोन म्हणजे दगड, हे काय मी तुम्हाला सांगायला हवं!

नाटककार शेक्सपियरचं नाव तुमच्या कानावरून गेलं असेल. स्टोन त्याच काळातला. पण शेक्सपियरला सारं जग ओळखतं आणि स्टोनचं नाव फार थोड्यांना ठाऊक आहे. त्याने कितीतरी मोठ्या माणसांची स्मारकं घडवली. त्याचं स्वतःचं स्मारक मात्र आज कुठेच नाही. तरीसुद्धा त्याने कोणतं काम कधी केलं, त्याचे किती पैसे मिळाले, हे आपण आज सांगू शकतो. कशामुळे? त्याच्या वहीमुळे!

खाणीतून ॲमस्टरडॅमला

इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात डेव्हन नावाचा परगणा आहे. तिथल्या एक्सेटर शहराजवळच्या वुडबरी गावी १५८६ किंवा १५८७ साली निकोलसचा जन्म झाला. वडिलांचं काम दगडाच्या खाणीत. तेव्हा छिन्नी-हातोड्याचा आवाज त्याने पाळण्यातच ऐकला असणार.

थोडा मोठा झाल्यावर तो लंडनला आला आणि आयझॅक जेम्स नावाच्या मूर्तिकाराकडे उमेदवारी करू लागला. उमेदवारी म्हणजे गुरूच्या हाताखाली राहून, पडेल ते काम करत धंदा शिकायचा. त्याच सुमारास हॉलंडमधला एक नामांकित शिल्पकार लंडनला आला होता. त्याचं नाव हेन्ड्रिक द कायसर. त्याने या तरुणाला आपल्याबरोबर ॲमस्टरडॅमला नेलं.

तिथे निकोलस नव्या पद्धतीचं काम शिकला. इतकंच नाही, तर १६१३ साली गुरूच्या मुलीशी, मायकेनशी, त्याचं लग्नही झालं! मग दोघं लंडनला परतली आणि लाँग ॲकर या रस्त्यावर त्याने आपला कारखाना थाटला.

झोपलेली बाई

इंग्लंडमध्ये तेव्हा श्रीमंत माणसांच्या थडग्यावर त्यांचा पुतळा बसवायची रीत होती. हे पुतळे बहुधा ताठ निजलेले, हात जोडलेले आणि वरून रंग दिलेले असत. बघणाऱ्याला वाटावं, लाकडाची बाहुलीच आडवी ठेवली आहे.

स्टोनने काय केलं? त्याने पांढरा आणि काळा संगमरवर वापरला आणि माणसं माणसांसारखी घडवली. नॉर्दॅम्प्टनशर परगण्यात स्टो नावाच्या खेड्यातल्या चर्चमध्ये लेडी एलिझाबेथ कॅरी यांचं स्मारक आहे. बाई दुपारी जरा आडव्या झाल्या आणि त्यांचा डोळा लागला, असंच वाटतं. अंगावरच्या वस्त्राच्या चुण्यासुद्धा मऊ दिसतात. आणि गंमत अशी, की हे स्मारक तयार झालं तेव्हा बाई चांगल्या हयात होत्या! त्यानंतर कित्येक वर्षांनी, १६३० साली त्या वारल्या. या कामाचे स्टोनला २२० पौंड मिळाले.

ऑक्सफर्डमध्ये प्रचंड ग्रंथालय उभारणाऱ्या सर टॉमस बॉडली यांचं स्मारक त्याने १६१५ साली केलं. त्याच्या खांबांच्या जागी काय आहे, ओळखा पाहू? एकावर एक रचलेली दगडी पुस्तकं!

तो गवंडीकामातही वाकबगार होता. लंडनमध्ये राजाच्या मेजवान्यांसाठी बँक्वेटिंग हाउस नावाची भव्य इमारत १६१९ ते १६२२ या काळात बांधली गेली. तिचा आराखडा इनिगो जोन्सचा, पण दगडी कामाचा प्रमुख होता निकोलस स्टोन. ती इमारत आजही उभी आहे. पुढे १६३२ साली तर राजाने त्याला आपला मुख्य पाथरवटच नेमलं. खाणीतल्या कामगाराचा मुलगा कुठल्या कुठे पोचला पाहा!

कफन पांघरून उभा राहिलेला कवी

आता त्याच्या सर्वांत प्रसिद्ध पुतळ्याची गोष्ट. जॉन डन हे मोठे कवी आणि लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलचे मुख्य धर्मगुरू. १६३१ साली ते फार आजारी पडले. आपला शेवट जवळ आला, हे त्यांना कळलं. त्यांचे स्नेही आयझॅक वॉल्टन यांनी लिहून ठेवलं आहे, की डन यांनी लाकडाचा एक कलश करवून घेतला. खोलीत कोळशाच्या शेगड्या पेटवल्या. मग अंगावर कफन गुंडाळून, डोळे मिटून ते त्या कलशावर उभे राहिले आणि चित्रकाराकडून आपलं चित्र काढून घेतलं! ते चित्र त्यांनी शेवटपर्यंत बिछान्याजवळ ठेवलं होतं.

डन गेल्यावर स्टोनने त्यांचा पांढऱ्या संगमरवरी पुतळा घडवला. कलशावर उभी असलेली, कफनात गुंडाळलेली ती मूर्ती पाहून भीती वाटत नाही बरं का. चेहरा अगदी शांत आहे.

या कामाचे १२० पौंड मिळाले, असं स्टोनने वहीत लिहिलं आहे. त्यातले ६० पौंड रोख नव्हते, तेवढ्या किमतीची चांदीची भांडी होती!

वहीतली माणसं

तर अशी ही वही. खरं म्हणजे दोन वह्या. एकीत केलेल्या कामांची नोंद आणि दुसरीत जमाखर्च. कवी एडमंड स्पेन्सर यांच्या स्मारकाचे ४० पौंड मिळाले, हेही त्यात आहे. स्टोनचं स्पेलिंग मात्र वाटेल तसं! मी रोज मुलांच्या वह्या तपासते. ही वही माझ्यासमोर आली असती, तर लाल शाई संपली असती. पण स्पेलिंगचे नियम तेव्हा ठरलेलेच नव्हते, म्हणून त्याला माफ.

मला या वह्यांमधली सर्वांत आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. डन यांच्या पुतळ्याचं शेवटचं काम हम्फ्री मेयर नावाच्या कारागिराने केलं, त्याला ८ पौंड दिले. कोनाडा रॉबर्ट फ्लॉवरने घडवला, त्याला १० पौंड दिले. अशा नोंदी त्यात आहेत. म्हणजे जग ज्याला ‘स्टोनचा पुतळा’ म्हणतं, त्यात आणखी कुणाकुणाचे हात लागले, ते स्वतः स्टोननेच सांगून ठेवलंय! त्याने ते फक्त हिशेबासाठी लिहिलं असेल. पण त्या दोन ओळींमुळे ही माणसं पुसली गेली नाहीत.

आग आणि नंतर

१६४२ साली इंग्लंडमध्ये राजा आणि पार्लमेंट यांच्यात युद्ध पेटलं. राजाचीच कामं बंद पडल्यावर राजाच्या पाथरवटाला कोण विचारणार? २४ ऑगस्ट १६४७ रोजी निकोलस स्टोन वारला. त्याच वर्षी त्याचा मुलगाही गेला. त्याचंही नाव निकोलस. इटलीला जाऊन शिल्पकला शिकून आलेला हा गुणी मुलगा होता. लंडनच्या सेंट मार्टिन चर्चमध्ये स्टोनचं स्मारक उभारलं गेलं.

पुढे १६६६ साली लंडनला भयंकर आग लागली. चार दिवस शहर जळत होतं. सेंट पॉल कॅथेड्रलच्या छताचं शिसं वितळून वाहू लागलं. आतली बहुतेक स्मारकं फुटून गेली. पण डन यांचा पुतळा खाली तळघरात पडला आणि जवळजवळ अखंड राहिला! आज तो नव्या कॅथेड्रलमध्ये उभा आहे. त्याच्या पायाखालच्या कलशावर आगीचे डाग अजून दिसतात.

आणि स्टोनचं स्वतःचं स्मारक? त्याला आग लागली नाही, शत्रूही आला नाही. १७२० नंतर ते जुनं चर्च पाडून नवं बांधलं, तेव्हा ते नाहीसं झालं. दगड गेला, कागद मात्र उरला! स्टोनच्या त्या वह्या लंडनच्या सर जॉन सोन संग्रहालयात जपून ठेवल्या आहेत.

मुलांनो, यंदा शाळेच्या प्रदर्शनात तुम्ही एखादी वस्तू मांडाल. तेव्हा खाली चिठ्ठीवर आपलं नाव लिहाच. पण पुठ्ठा कापून देणारी ताई, खिळे ठोकून देणारे शेजारचे काका यांचीही नावं लिहा. अक्षर वेडंवाकडं आलं तरी चालेल. आणि पालकहो, घरातली जुनी हिशेबाची वही रद्दीत घालण्यापूर्वी ती एकदा मुलांना बरोबर घेऊन वाचा. कुणाचं तरी नाव तिच्यातच तेवढं उरलेलं असेल.