आजीचे शिवणयंत्र आणि भंगाराचा काटा

धरमपेठेतील जुने बंगले एकामागून एक पाडले जात आहेत आणि त्यांच्या जागी बहुमजली इमारती उभ्या राहत आहेत. घर रिकामे करण्याच्या घाईत माळ्यावरचे सामान दारात येते, भंगारवाला काटा लावतो आणि तासाभरात तीन पिढ्यांचा संसार हातगाडीवर चढतो. आमच्या घरीही सहा वर्षांपूर्वी हेच घडले. त्या ढिगात आजीचे सिंगर शिवणयंत्र होते. बोटांनी चाचपून कापडाचा पोत ओळखणाऱ्या आणि भाव सांगणाऱ्या आमच्या घराने ते लोखंडाच्या दराने देऊन टाकले. त्यात काही वावगे झाले असे तेव्हा कोणाला वाटले नाही, मलाही नाही.

पुढच्या दिवाळीत वहीपूजनासाठी कपाट आवरताना आजीची एक पातळशी वही हाती लागली. इतवारीतील आमचे कापडाचे दुकान मंदीत सापडले होते, त्या दोन वर्षांचा तो हिशेब होता. ठाणांचे विकले न जाणारे शेवटचे तुकडे आजी घरी मागवून घेई आणि त्यांची झबली, टोपडी व उशांचे अभ्रे शिवून पुन्हा दुकानात पाठवी. प्रत्येक नगाची नोंद होती: कापड किती, दोरा किती, आले किती. त्या दोन वर्षांत घरचा किराणा आणि मुलांच्या शाळेची फी त्या यंत्रावर निघाली होती. वही मिटली तेव्हा आपण काय विकले ते कळले. मी भंगारवाल्याकडे धावलो. पण यंत्र केव्हाच फोडून भट्टीला गेले होते.

तेव्हापासून मी जुनी शिवणयंत्रे शोधतो. या छंदाने जे शिकवले, ते वाचकांपुढे ठेवतो.

आयझॅक सिंगर यांना अमेरिकेत 1851 मध्ये यंत्राचे पेटंट मिळाले. त्यापूर्वी 1846 मध्ये एलियस हाउ यांनी आपल्या यंत्राचे पेटंट घेतले होते. सिंगरचे वेगळेपण यंत्राइतकेच व्यापारात होते. त्यांचे भागीदार एडवर्ड क्लार्क यांनी 1856 मध्ये हप्त्यांनी विक्रीची पद्धत सुरू केली आणि एरवी न परवडणारी वस्तू सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात आली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे यंत्र हिंदुस्थानात आले. त्याच्या येथील कारभाराची सूत्रे दीर्घकाळ नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांच्या हाती होती. यंत्रमात्राविषयी साशंक असणाऱ्या गांधीजींनीही 1924 मधील एका संभाषणात सिंगरच्या यंत्राला अपवाद मानले. पत्नीचे कष्ट कमी व्हावेत या प्रेमातून ते जन्मले, अशी त्यांची धारणा होती. 1930 च्या दशकात कलकत्त्यात उषा यंत्रांची निर्मिती सुरू झाली. पुढे लाला श्रीराम यांच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने हे नाव घरोघरी पोहोचवले.

जुने सिंगर हाती आले की प्रथम त्याचा क्रमांक पाहावा. उजव्या बाजूस बैठकीवर तो कोरलेला असतो. आरंभी एफ, वाय किंवा ईए अशी अक्षरे असली, तर ते यंत्र बहुधा स्कॉटलंडमधील क्लाइडबँकच्या कारखान्यातले समजावे. 1885 मध्ये उघडलेला तो प्रचंड कारखाना 1980 मध्ये बंद झाला. तेथील रेल्वे स्थानकाचे नाव मात्र आजही सिंगरच आहे. वाय हे अक्षर साधारण 1921 ते 1935 या काळातील यंत्रांवर आढळते. 15के, 28के, 66के, 99के या नावांतील 'के' हे अक्षरही त्याच कारखान्याची खूण आहे. 28के मध्ये बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे शटल आणि लांबट बॉबीन असते, तर 15के मध्ये गोल बॉबीन. नवख्याने 15के पासून सुरुवात करावी. तिची घडण आपल्याकडच्या काळ्या यंत्रांनीही स्वीकारली, त्यामुळे सुटे भाग अद्याप मिळतात आणि कोपऱ्यावरच्या दुकानातली साधी घरगुती सुई तिला चालते.

खरेदीपूर्वी चाक शिवणाऱ्याच्या दिशेने हलकेच फिरवून पाहावे. ते जड फिरत असेल तर घाबरू नये. बहुतेक वेळा वाळून चिकट झालेले तेल हेच त्याचे कारण असते. आपल्याकडे कित्येक घरांत यंत्राला खोबरेल तेल घालत, तेच गोठून बसते. थेंबथेंब रॉकेल सोडून एक दिवस मुरू द्यावे, घाण पुसावी, मग शिवणयंत्राचेच तेल घालावे. सोनेरी नक्षीवर स्पिरिट कदापि लावू नये. लाखेचा मुलामा विरघळतो आणि शंभर वर्षे टिकलेली नक्षी मिनिटभरात बोळ्यावर येते. पायमशीनचा पट्टा पूर्वी चामड्याचा असे. आज रबरी पट्टाही मिळतो, आपल्या घरांत तोच बसवावा. तडा गेलेले बीड आणि हरवलेले शटल या दोन गोष्टी मात्र महागात पडतात.

अशी यंत्रे मिळतात कोठे? मुंबईत चोरबाजारातील मटन स्ट्रीट आणि पुण्यात रविवार-बुधवारचा जुना बाजार प्रसिद्ध आहेत. पण माझा अनुभव असा, की उत्तम यंत्र बाजारात येण्यापूर्वीच भेटते: दुरुस्ती करणाऱ्या वृद्ध कारागिराच्या दुकानात, धंदा आवरणाऱ्या शिंप्याकडे, किंवा घर पाडायला निघालेल्या शेजाऱ्याच्या पडवीत.

एका फसवणुकीपासून सावध राहावे. जुन्या सिंगरमध्ये 'लाल पारा' नावाचे अमूल्य द्रव्य असते अशी अफवा 2009 मध्ये सौदी अरेबियात पसरली आणि मोडकी यंत्रेही हजारो रियालांना विकली गेली. असे कोणतेही द्रव्य त्यांत नसते. या नावाने कोणी लाखांचा सौदा सुचवला, तर तो ठकबाज समजावा.

गेल्या वर्षी गोकुळपेठेतील एका कारागिराने निरोप दिला, "भाऊ, एका बाईंना मशीन काढायची आहे, येऊन पाहून घ्या." क्रमांक वायने सुरू होणारा, 15के, नक्षी शाबूत, अगदी आजीच्या यंत्रासारखे. बाई ऐंशीच्या घरातल्या. त्यांनी मागितलेली रक्कम भंगारापेक्षा थोडीच अधिक होती. व्यापाऱ्याचा मुलगा म्हणून मन म्हणाले, मागितले ते द्यावे आणि उचलावे. सौदा राजीखुशीचा आहे. पण आजीच्या वहीत प्रत्येक तुकड्याचा खरा भाव लिहिलेला होता. मी बाईंना यंत्राचे खरे मोल सांगितले आणि तेवढे दिले. पैसे पदरात बांधून त्या म्हणाल्या, "बाबू, शोभेला ठेवू नका. चालू ठेवा."

त्या वाक्याने मला अडवले. पाच अणुव्रतांतील परिग्रह-परिमाण आपण लहानपणापासून ऐकतो. मग संग्रह हा परिग्रहच नव्हे काय? येथे पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर आठवतात. चष्म्यांच्या दुकानाचे हे मालक दिवे, अडकित्ते, वाद्ये अशा रोजच्या वापरातील वस्तू आयुष्यभर गावोगाव फिरून जमवत राहिले. अकाली गेलेल्या राजा या मुलाच्या स्मरणार्थ त्यांनी संग्रहालय उभारले आणि वीस हजारांहून अधिक वस्तूंचा तो ठेवा 1975 मध्ये महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. जमवणे आणि धरून ठेवणे यांतील अंतर त्यांच्या उदाहरणात दिसते.

मीही आता मर्यादा ठरवली आहे. घरात दोनच यंत्रे राहतील. बाकीची दुरुस्त करून, ज्या भगिनी शिवणावर घर चालवू इच्छितात त्यांना देतो. आतापर्यंत सात दिली. पायमशीनला वीज लागत नाही आणि तिचा बिघाड मोहल्ल्यातला कारागीर काढू शकतो, म्हणून ती आजही कमावते.

आपल्यापैकी कित्येकांच्या घरी येत्या काही वर्षांत बांधकाम निघेल. भंगारवाल्याला बोलावण्यापूर्वी एक संध्याकाळ आजीजवळ, काकूंजवळ बसावे आणि विचारावे, हे यंत्र कधी आले, यावर काय काय शिवले? उत्तर यंत्राच्या क्रमांकासह वहीत लिहून ठेवावे. त्यानंतर यंत्र ठेवायचे, द्यायचे की विकायचे, ते घराने ठरवावे. आम्हाला तो प्रश्न विचारायचे सुचले, तेव्हा उत्तर देणारी आजी नव्हती आणि यंत्रही नव्हते.